हार्ट फेल्युअरची औषधे: डोस वाढवायचा कोणी?

हार्ट फेल्युअरची (हृदय कमकुवत पडण्याच्या आजाराची) औषधे छोट्या डोसने सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवायची असतात. पण डोस बहुधा पहिल्याच पायरीवर अडकतो, कारण तो वाढवणे नेमके कोणाचे काम हे ठरलेलेच नसते. डॉक्टरांनी टप्पे लेखी द्यावेत. नर्सने दर दोन आठवड्यांनी बीपी, नाडी, वजन पाहावे. बीपी-नाडी ठीक असेल आणि सूज वाढलेली नसेल तर बीटा ब्लॉकरचा (हृदयाची गती कमी करणाऱ्या औषधाचा) डोस दुप्पट करण्याचे सुचवावे. फार्मासिस्टने सगळ्याच गोळ्या तपासाव्यात, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक तर नक्कीच. अशा वेदनाशामकांमुळे अंगात पाणी साठते.

एसीई इनहिबिटर (रक्तवाहिन्या सैल करणारे, एनालाप्रिलसारखे औषध) थांबवून ३६ तास उलटल्याशिवाय सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (हार्ट फेल्युअरचेच एक जोड-औषध) देऊ नये, नाहीतर चेहरा-घसा सुजू शकतो. स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम वाढवू शकणारे औषध) सुरू केल्यावर आठवड्याभरात रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) तपासा. पोटॅशियम ५.५ mmol/L च्या वर गेल्यास डोस निम्मा, ६ च्या वर गेल्यास बंद.

वरचे बीपी ९५ दिसले म्हणून लगेच औषध कमी किंवा बंद करू नका. चक्कर येत नसेल तर डोस तसाच राहू द्या. येत असेल आणि सूज नसेल, तर आधी लघवीची गोळी कमी करता येते का पाहा.