संगणकाच्या कॅबिनेटमधून निसटणाऱ्या रेडिओलहरी कशा रोखाव्यात

संगणक सुरू होताच जवळच्या रेडिओवर खरखर होत असेल, तर दोष कॅबिनेटचा की केबलींचा, हे आधी ठरवावे. विजेची केबल सोडून बाकी सर्व केबली काढून पाहाव्यात. खरखर ओसरली, तर प्रत्येक केबल कॅबिनेटमधून जिथे बाहेर पडते, तिथेच तिच्यावर फेराइटचे (केबलीतून जाणाऱ्या रेडिओलहरी अडवणाऱ्या चुंबकीय पदार्थाचे) कडे बसवावे आणि जमल्यास त्यातून केबलचे दोन-तीन वेढे घ्यावेत.

खरखर तशीच राहिली, तर दोष कॅबिनेटचा. अशा वेळी त्याच्या मागच्या रिकाम्या स्लॉटांवर धातूच्या पट्ट्या लावाव्यात. काचेचे झाकण असेल तर ते बदलून पत्र्याचे घ्यावे. काचेतून लहरी सरळ बाहेर पडतात.

खरी कसोटी लागते ती झाकण आणि सांगाडा यांच्या सांध्यात. अनेकजण पंख्यासमोरच्या जाळीची भोके बुजवायला सांगतात. तो सल्ला मुळीच ऐकू नये, कारण त्याने फक्त यंत्र तापते. लहरी निसटण्यात फटीच्या रुंदीपेक्षा लांबीचा वाटा मोठा असतो. १ गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३० सेंमी असते, म्हणून १५ सेंमी लांबीची अगदी अरुंद फटही अँटेनाचे काम करते. जाळीची बारीक भोके त्या मानाने निरुपद्रवी असतात. झाकण वरून कितीही घट्ट दिसले, तरी दोन्ही कडांवर रंग असतो आणि रंगातून वीज वाहत नाही. त्यामुळे धातूला धातू भिडतो तो फक्त स्क्रूंपाशी आणि मधली सगळी कड विजेच्या दृष्टीने उघडीच राहते.

म्हणून आतल्या कडांवरचा बोटभर पट्टा रंगमुक्त करावा. मदरबोर्ड आत असताना घासकाम करू नये. धातूचा एक कण शॉर्टसर्किटला पुरतो. रंगाखाली करडा जस्ताचा थर दिसताच हात थांबवावा, कारण तोही खरवडला गेला तर कड गंजते आणि संपर्क पुन्हा तुटतो. त्यानंतर कडेभर धातूच्या धाग्यांचे कापड गुंडाळलेली स्पंजपट्टी चिकटवावी किंवा दर दीड सेंटिमीटरवर स्प्रिंगपट्टीचा (लवचिक धातूच्या दातेरी पट्टीचा) दात टेकवावा. तांब्याची चिकटपट्टी वापरायचीच असेल, तर तिचा गोंदही वीजवाहक असल्याची खात्री करून घ्यावी. साधा गोंद रंगासारखाच आडवा येतो. शेवटी झाकण बसवून मल्टिमीटरने झाकण आणि सांगाडा यांच्यातला रोध मोजावा. तो एक ओहमच्या आत यायला हवा, मात्र एकटा स्क्रूही तेवढे दाखवतो, तेव्हा स्क्रू न लावता, झाकण हाताने दाबून मोजावे.

पॉवर सप्लाय उघडू नये. त्यातला फिल्टर अर्थिंगवाचून नीट काम करत नाही, म्हणून तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा.