लहान कुत्रा एकटा राहिला की रडतो? या चुका टाळा

दिवाळीनंतर सासूबाई दिंडोरीला दिरांकडे राहायला गेल्या आणि तिसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, अगं तुम्ही दोघं निघालात की बुंदी सारखी रडते गं, ऐकवत नाही. बुंदी म्हणजे आमची पॉम, खरं तर इंडियन स्पिट्झ पण आपल्याकडे सगळे पॉमच म्हणतात, चार वर्षांची, वजन सहा किलोच्या आतबाहेर. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो, मिस्टरांची अंबड एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी आणि माझी सकाळची शाळा. चार वर्षं घरात कायम कोणीतरी होतंच, सासूबाई तांदूळ निवडत बसल्या की ही त्यांच्या पायाशी. ती कधी एकटी राहिलीच नाहीये हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पहिली चूक म्हणजे आम्ही याला नखरे समजलो. लहान कुत्र्याच्या बाबतीत हे फार होतं बघा, मोठ्या लॅब्रॅडॉरने दार फोडलं तर लोक डॉक्टरकडे जातात आणि पॉम किंवा शिह त्झू रडलं तर म्हणतात लाडावलंय. पण ही भीती असते हो. लाळ गळते, धापा टाकतात, दारापाशीच शू होते, पंजाची नखं दार खरवडून तुटतात, आवडीचं चिकनसुद्धा तोंडात घेत नाहीत. घरी आल्यावर पायपुसण्यावर शू दिसली की मी ओरडायचे, ती कान पाडून कोपऱ्यात जायची आणि मला वाटायचं, बघा हिला कळतंय काय केलंय ते. तसं नसतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधक बाईंनी २००९ मध्ये यावरच प्रयोग प्रसिद्ध केलाय, कुत्र्याचा तो 'अपराधी' चेहरा त्याने चूक केली की नाही यावर नाही तर मालक रागावतोय का यावर ठरतो असं त्यात दिसलं. म्हणजे मी ओरडत होते तेव्हा बुंदीला एवढंच कळत होतं की एकटं राहायचं तेही भीतीचं आणि आई परत आली तेही भीतीचं. हे कळल्यावर मला खूप वाईट वाटलं.

त्याच्याच जोडीला दुसरं टोक पण आहे, 'तुम्हीच मांडीवर घेऊन बिघडवलं' असं सांगणारे नातेवाईक. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढत नाही, मांडीवर बसू द्या, त्याने काही होत नाही.

आता महत्त्वाचं, न बघता अंदाज बांधू नका. जुना मोबाईल टीव्हीच्या टेबलावर लावून व्हिडिओ कॉल चालू ठेवा, स्वतःचा माइक म्यूट करा आणि खाली जाऊन बघा. आम्हाला वाटत होतं दार लावलं की ती रडते. बघितलं तर दार लावल्यावर ती शांत होती, लिफ्टचा आवाज आला तरी नुसते कान टवकारले, पण पार्किंगमध्ये माझी ॲक्टिवा स्टार्ट झाली आणि दुसऱ्या क्षणाला विव्हळायला लागली! तिच्यासाठी 'आई गेली' म्हणजे ॲक्टिवाचा आवाज. कुणाच्या कुत्र्यासाठी किल्ल्या असतील, कुणासाठी हेल्मेट, डबा भरणं, सॉक्स घालणं. मग आम्ही आठवडाभर दुसरं काहीच केलं नाही, मी खाली जाऊन गाडी स्टार्ट करायची, बंद करायची, वर यायचं. दिवसातून चार-पाच वेळा. वॉचमनदादांनी विचारलं पण की मॅडम गाडीत काही प्रॉब्लेम आहे का.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी मला वाटतं दहातले नऊ जण करत असतील, घाई. पाच मिनिटं शांत बसली, दहा मिनिटं बसली, मग आपण म्हणतो चला जमलं, आणि सरळ शाळेत साडेचार तास. सगळं पाण्यात. कारण ही ट्रेनिंग एकाच गोष्टीवर चालते, एकटं असताना तिला भीती वाटायच्या आत तुम्ही परत आलं पाहिजे. प्रत्येक वेळी. 'रडू द्या, रडून रडून गप बसेल' हा सल्ला म्हणूनच चुकीचा आहे, ती गप बसते ती दमून, सवय झाली म्हणून नाही.

आम्ही कसं केलं सांगते. आधी नुसतं दार उघडायचं बंद करायचं. मग १० सेकंद बाहेर, मग ३०, मग परत १५, मग एक मिनिट. सतत वाढवत गेलं की त्यांना तेही कळतं, त्यामुळे मधे मधे सोपं ठेवायचं. दिवसाला एकच सेशन, पंधरा-वीस मिनिटांचं, आठवड्यातून पाच दिवस, दोन दिवस सुट्टी. जांभई, ओठ चाटणं, दाराकडे एकटक बघणं, येरझाऱ्या हे दिसलं की वेळ जास्त झाली, उद्या कमी करायची. बऱ्याच कुत्र्यांना पहिला अर्धा तास सगळ्यात जड जातो, तो शांत जायला लागला की पुढे पाच-पाच मिनिटं वाढवत बसावं लागत नाही. बुंदीला अर्ध्या तासापर्यंत यायला दोन महिने लागले, तिथून दीड तास मात्र तीन आठवड्यांत.

मग दोन महिने नोकरी सोडायची का? नाही, पण तेवढ्या काळात तिला एकटं ठेवायचं नाही, याची सोय आधी करा मग ट्रेनिंग सुरू करा. आमच्याकडे मिस्टरांची सेकंड शिफ्ट असली की सकाळी ते घरी, फर्स्ट असली की ती काकूंकडे. दुसरा कुत्रा आणणं हा उपाय धरू नका, तिला माणूस हवंय, आणि आणलाच तर कधी कधी दोघं मिळून रडतात.

बाथरूममध्ये कोंडणं किंवा पिंजऱ्यात ठेवणं नकोच, घाबरलेला कुत्रा जाळी चावून दात तोडून घेतो. बाल्कनीत तर अजिबात नाही, लहान कुत्रं ग्रीलच्या गजांमधून आरामात निघतं. आणि लहान कुत्र्याला शू पण लवकर लागते, त्यामुळे निघायच्या आधी खाली फिरवून आणा, आम्ही रविवारी वेळ असला की कृषीनगरच्या बाजूला लांब नेतो, वास घेत घेत अर्धा तास चाललं की ती घरी येऊन झोपतेच.

खाऊचं खेळणं, म्हणजे रबरी कोंगमध्ये दही किंवा उकडलेला भोपळा भरून फ्रीझरमध्ये गोठवून द्यायचं, हे बोअर होणाऱ्या कुत्र्याला मस्त आहे. भीतीवर तो इलाज नाही. परत आल्यावर कोंग तसंच पडलेलं असेल तर समजा की ती घाबरलेली होती. आणि हो, नाशिककरांनो, घरात द्राक्षाची पेटी आणि कांद्याची जाळी असतेच आपल्या! द्राक्ष आणि बेदाणे कुत्र्याची किडनी फेल करू शकतात, कांदा-लसूण रक्तातल्या लाल पेशी फोडतात, कच्चा असो नाहीतर शिजवलेला. सहा किलोच्या जिवाला थोडंसंसुद्धा जास्त होतं. एकटा, अस्वस्थ कुत्रा काहीही तोंडात घालतो, त्यामुळे ओट्याखालची जाळी वर टांगा. पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) आहे का वाचा, तेही विषच.

निघताना पंधरा मिनिटं कुत्र्याकडे ढुंकूनही बघू नका असं बरेच जण सांगतात. आम्ही करून बघितलं, ती जास्तच गोंधळली. आता मी शांतपणे 'येते हं' म्हणते आणि निघते.

दोन महिने नीट करूनही काहीच फरक नसेल किंवा ती स्वतःला जखमा करून घेत असेल तर व्हेटकडे जा, व्हिडिओ दाखवा. आधी युरीन इन्फेक्शन, दुखणं, वय झालेलं असेल तर म्हातारपणाचा विसरभोळेपणा हे तपासून घ्या. औषधाला घाबरू नका. क्लोमिप्रॅमिनला १९९८ मध्ये आणि फ्लुऑक्सेटिनला २००७ मध्ये अमेरिकेत खास कुत्र्यांच्या याच त्रासासाठी मान्यता मिळालीये, ट्रेनिंगच्या जोडीने. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा आठ दिवसांत 'काही उपयोग नाही' म्हणून मनाने बंद करू नका, आणि घरातली माणसांची गोळी अर्धी करून तर कधीच देऊ नका.

एकदा जमलेलं मोडू पण शकतं. लग्नाला चार दिवस गावी गेलो, सगळे तिच्याभोवती, परत आल्यावर वीस मिनिटांतच रडली. आम्ही दोन पायऱ्या खाली आलो आणि आठवड्यात परत जागेवर. आता मे महिन्यात सासूबाई पंधरा दिवस राहायला येणारेत, बुंदीला आनंद होणार आणि त्या गेल्या की परत अवघड जाणार हे माहितीये, म्हणून त्यानंतरच्या आठवड्यात मिस्टरांनी आत्ताच सेकंड शिफ्ट मागून घेतलीये आणि आम्ही पुन्हा पाच मिनिटांपासून सुरू करणार आहोत.