सीसीटीव्ही घेताना मेगापिक्सेलच्या पुढचे काय विचारायचे

सोलापुरात नवी पेठेतले दुकान असो की अक्कलकोट रोड एमआयडीसीतला मागाचा कारखाना, कोटेशनमध्ये पहिला आकडा मेगापिक्सेलचाच असतो. तो बाजूला ठेवा आणि आधी लेन्स किती मिमीची ते विचारा.

2 मेगापिक्सेल कॅमेऱ्याचे चित्र 1920 पिक्सेल रुंद असते. अनोळखी माणसाचा चेहरा पटायला दर मीटरला 250 पिक्सेल लागतात असे धरतात. म्हणजे चौकटीत साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी येता कामा नये. 2.8 मिमीची लेन्स ही रुंदी कॅमेऱ्यापासून जेमतेम पावणेचार मीटरवर गाठते, 3.6 मिमीची पाचच्या आसपास, 6 मिमीची आठ मीटरवर. गल्ल्यावर 2.8 उत्तम. तीच गेटवर लावली तर कोणीतरी आला एवढेच कळते, कोण आला ते नाही. नंतर स्क्रीनवर झूम करून उपयोग नाही, डिजिटल झूममध्ये नुसते ठिपके मोठे होतात.

आता ‘बॅकअप किती दिवसांचा?’ हा प्रश्न. याचे उत्तर बिटरेटमध्ये, म्हणजे कॅमेरा सेकंदाला किती डेटा पाठवतो त्यात आहे आणि हिशेब स्वतः करता येतो. डीव्हीआरच्या (रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीच्या) मेनूत बिटरेट 4 मेगाबिट असेल तर आठने भागा: सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे 86,400 सेकंद, म्हणजे एका कॅमेऱ्याचे रोजचे 43 जीबी. चार कॅमेऱ्यांचे 173 जीबी झाले, की 1 टीबीची डिस्क सहा दिवसही पुरत नाही. महिनाभर हवे असेल तर 6 टीबी घ्या, नाहीतर एच.265 (व्हिडिओ दाबून साठवण्याची नवी पद्धत) निवडून बिटरेट 2 मेगाबिटवर आणा. मग 4 टीबीत आरामात बसते. जुन्या एच.264 च्या मानाने तेवढ्याच दर्जाला एच.265 ला साधारण निम्मी जागा लागते. जुन्या कॉम्प्युटरवर मात्र एच.265 ची फाइल अडखळते. डिस्क सर्व्हेलन्सचीच घ्या. घरगुती कॉम्प्युटरची डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

जागा वाचवायला बरेच जण मोशन रेकॉर्डिंग (हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग) लावतात. दुकानात ते ठीक आहे. मागाच्या शेडमध्ये धोटा आणि फणी सतत हलत असतात, त्यामुळे रेकॉर्डिंग थांबतच नाही. तिथे मोशनचा चौकोन फक्त दारावर आणि मधल्या वाटेवर आखा, मागांवरचा भाग पुसून टाका. सुताचे तंतू हा टॉवेल-चादरीच्या कारखान्यातला वेगळाच ताप. रात्री कॅमेऱ्याचे आयआर (डोळ्याला न दिसणारे इन्फ्रारेड) दिवे लागले की काचेसमोरून उडणारे तंतू पांढरे ठिपके होऊन चमकतात आणि मोशन उगाच सुरू होते. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने काच पुसा. शक्य असेल तर कॅमेऱ्यातला आयआर बंद करून थोड्या अंतरावर वेगळा आयआर दिवा लावा.

शटर म्हणजे एका फ्रेमसाठी सेन्सर किती वेळ प्रकाश घेतो ते. अंधारात ऑटो शटर 1/25 सेकंदापर्यंत खाली येते. ताशी 30 किमीने जाणारी मोटारसायकल तेवढ्या वेळात 33 सेंटीमीटर सरकते, मग नंबर कसला वाचता येणार! प्लेट हवी असेल त्या कॅमेऱ्याला 1/500 द्या आणि उजेड वाढवा, कारण नुसते शटर वाढवले तर चित्र काळे पडते. तो अंधार भरून काढायला गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) वाढवला की दाणे येतात आणि ते दाणेच बिटरेट खातात. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकत असतील तर मेनूत 60 हर्ट्झ राहिलेले असते; 50 करा.

पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानात दुपारनंतर येणाऱ्या माणसाचा चेहरा काळा दिसतो. तिथे डब्ल्यूडीआर (उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात नीट दाखवणारी सोय) हवा, आणि तो खरा, 120 डीबीचा (डेसिबलचा). डिजिटल डब्ल्यूडीआर लिहिले असेल तर तो फक्त सावल्या उजळवतो.

कॅमेरा दिवसा व्यवस्थित चालतो आणि रात्री बंद-चालू होतो, ही तक्रार नेहमीची. लोक कॅमेरा बदलतात. बहुतेक वेळा दोष वायरचा असतो: आयआर लागल्यावर करंट वाढतो आणि लांबच्या टोकाला 12 व्होल्टचे साडेदहा होतात. रात्री, आयआर चालू असताना, कॅमेऱ्याच्या पिनवरच मल्टिमीटर लावून बघा. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरीत हा घोटाळा जास्त. आयपी (नेटवर्कवर चालणाऱ्या) कॅमेऱ्याला पीओईवरून, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच, वीज देत असाल तर शुद्ध तांब्याची केबल घ्या आणि स्विचपासून 100 मीटरच्या आत राहा.

डीव्हीआर प्लायवूडच्या बंद कपाटात कोंडू नका. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये बाहेरच पारा चाळिशीपार असतो, आत डिस्क त्याहून तापते. मेनूत डिस्कचे तापमान दिसते. 60 च्या जवळ गेले की जाळी आणि पंखा लावा.

घड्याळ जीएमटी +5:30 वर ठेवून एनटीपी (इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवणे) चालू करा. चोरीनंतर वेळ चुकलेली आढळली तर आता दुरुस्त करू नका. डीव्हीआरची वेळ आणि मोबाइलची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. मग ओव्हरराइट (जुन्या फुटेजवर नवे लिहिले जाणे) थांबवा आणि फुटेज मूळ फॉरमॅटमध्ये, प्लेअरसह पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइलने स्क्रीनचे शूटिंग करून भागत नाही. कोर्टात द्यायच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमधल्या डेटावरून काढलेला तिचा डिजिटल ठसा) भरावी लागते. ती कॉपी केल्या केल्या काढून लिहून ठेवा.