मॅगपाय धरायला निघालो, टकाचोर मोजत बसलो

कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी एक पिंजरा बनवून घेतला. निपाणीजवळच्या आमच्या गावात आजीच्या गावरान कोंबड्यांची अंडी रोज दोन-तीन कमी भरायची. आजीचा संशय पक्का होता. "ते लांब शेपटीचं तांबूस पाखरू. मीच बघितलंय की त्याला खुराड्यापाशी." ते पाखरू म्हणजे टकाचोर. त्याला कसं धरायचं हे शोधायला गेलो तर त्याचा विलायती भाऊबंद, मॅगपाय, कसा धरतात याचीच माहिती हाताला लागली.

तिकडं त्यासाठी लार्सन ट्रॅप नावाचा पिंजरा वापरतात. मूळ डेन्मार्कचा, 1950 च्या दशकातला. पिंजऱ्याचे कप्पे असतात. एका कप्प्यात जिवंत मॅगपाय ठेवायचा. वसंतात जोडीनं हद्द राखणाऱ्या मॅगपायला आपल्या हद्दीत परका खपत नाही, तो भांडायला उतरतो. शेजारच्या कप्प्यात आडवी काठी असते, ती मधून तुटलेली आणि नुसती टेकवलेली. पाखरू तिच्यावर बसलं की काठी खाली जाते आणि स्प्रिंगचं दार मिटतं. वेल्डरमामांना मी चित्र काढून दाखवलं. ते म्हणाले, "होईल की. खरं, ह्यात जाणार कोण?"

रास्त प्रश्न होता. आमच्याकडं आत ठेवायला मॅगपाय नव्हता, म्हणून मी अंडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत भारद्वाज. लालभडक डोळे, चोच उघडी, पंखांची तांबूस पिसं जाळीत अडकून मोडलेली. आमच्याकडं भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो म्हणतात. आजीनं कपाळाला हात लावला आणि मला तो तिथल्या तिथं सोडायला लावला. अंडी मात्र जातच राहिली. शेवटी एक दिवस कोंबड्या बाहेर काढल्यावर खुराड्याभोवती चुलीतली चाळलेली राख पसरली. दुपारी राखेत पाच-पाच बोटांचे, नखं उमटलेले ठसे. मुंगूस! खुराड्याच्या मागच्या फळीत तळहाताएवढी फट होती. तिला अर्ध्या इंचाची जाळी ठोकली आणि प्रकरण संपलं. टकाचोर अंडी खातो हे खरंच आहे, पण आमची त्यानं खाल्ली नव्हती.

हे मी कॉलेजात सरांना मोठ्या कौतुकानं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शहाण्या, तू शिकार केलीस."

पिकांवरच्या पक्ष्यांचं, म्हणजे पाखरांनी केलेलं नुकसान मोजायचं आणि थोपवायचं, काम शिकायचं असेल तर सगळ्यात आधी हे समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात शिकारीची व्याख्या कलम 2(16) मध्ये आहे, आणि ती नुसती मारण्यापुरती नाही. पकडणं, फासे लावणं, विष घालणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं, सगळं त्यात येतं. पूर्वी पाचव्या अनुसूचीत (कायद्याला जोडलेल्या यादीत) साधा कावळा, उंदीर, फळं खाणारं वटवाघूळ हे उपद्रवी म्हणून होते. 2022 च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली, दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवायचा तर केंद्र सरकारनं तशी अधिसूचना काढावी लागते. मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण. उरतं ते पिकावर बसलेलं पाखरू न धरता, न दुखवता नुसतं हुसकावणं. तुमचं सगळं काम ह्या एवढ्या जागेत चालतं.

नवीन पोरं हमखास इंग्लंडचे व्हिडिओ दाखवतात, म्हणून सांगतो. तिथंही मोकळं रान नाही. 1981 च्या कायद्यानं तिथले पक्षी संरक्षित आहेत, मॅगपायला धरायला-मारायला सर्वसाधारण परवाना (सरकारनं सगळ्यांसाठी एकदम काढलेला, अटी घातलेला) लागतो, आणि पिंजऱ्यातल्या पाखराला दाणापाणी, आडोसा, बसायला काठी हे बंधनकारक. 2019 मध्ये कोर्टकचेरीच्या धाकानं इंग्लंडचे हे परवाने रद्द करून नव्यानं लिहावे लागले. गंमत अशी की आपला राघू तिथं परदेशातून येऊन पसरलाय आणि तो त्या परवान्याच्या यादीत आहे. इथं तोच पिंजऱ्यात ठेवला तर गुन्हा. (आणि मॅगपाय रॉबिन म्हणजे आपला दयाळ, त्याचा मॅगपायशी काही संबंध नाही. माझ्या पहिल्या मुलाखतीत मी हीच चूक केली होती.)

आता कामाचं. पदवीनंतर मला एका प्रकल्पात शेत-सहायक म्हणून घेतलं. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, अथणी, हुक्केरी तालुक्यांत फिरायचं आणि शाळू, मका, द्राक्ष ह्यांचं पक्ष्यांनी किती नुकसान केलं ते मोजायचं. पहिला धडा हा की शेतकरी सांगतो तो आकडा आणि शेतात भरतो तो आकडा यांत फार अंतर असतं. कोणी खोटं बोलत नाही. बांधावरून जे दिसतं ते कडेचं पीक, आणि पाखरं कडेलाच जास्त बसतात, कारण झाड, तार, कुंपण तिथं जवळ असतं. म्हणून शेतात पाच जागा धरायच्या: चार कोपऱ्यांकडच्या आणि एक मधली. प्रत्येक ठिकाणी सलग वीस कणसं. शंभर कणसांतला प्रत्येक कणसाचा किती भाग रिकामा आहे तो अंदाजे लिहायचा. कडेचा आणि मधला आकडा वेगळा ठेवायचा, तो एकत्र केलात की सगळी मेहनत वाया. पक्षी मोजायचे ते उन्हं वर यायच्या आत आणि पुन्हा चारनंतर. भर दुपारी शेतात जाऊन "पाखरं नाहीत" असं लिहिणारे मी पाहिलेत.

आणि कोण खातंय ते डोळ्यांनी बघायचं. अथणीकडं एका तात्यांनी मक्याच्या कोवळ्या रोपांसाठी कावळ्यांना शिव्या घातल्या. पहाटे बांधावर बसलो तर रोपं उपटून खालचा दाणा खात होते ते मोर. कावळे नंतर आले, उकरलेल्या मातीतल्या अळ्या टिपायला. त्या कावळ्यांना हाकललं असतं तर तात्यांचंच नुकसान.

उपायांबद्दल एकच गोष्ट मनात ठेवा: पाखरू शिकतं. आमच्याच शाळूत लाल-रुपेरी चमकपट्टी लावली होती. काठ्या रोवून, पिकाच्या हातभर वर, पीळ देऊन, उत्तर-दक्षिण ताणून. वारा आला की ती गुणगुणते आणि ऊन पडलं की लखलखते. चार-पाच दिवस एकही चिमणी उतरली नाही. मग एक उतरली, आणि आठवड्यानं थवा त्याच काठ्यांवर बसून आरामात दाणे टिपत होता. चूक माझी. दाणा भरायच्या आधीच, कणीस निसवताना मी पट्टी लावून मोकळा झालो होतो. पट्टी लावायची ती दाण्यात दूध भरायला लागलं की. हुरड्याचे ते दोन-तीन आठवडे गेले, दाणा टणक झाला, की धोका बराच उतरतो. तेवढ्या दिवसांत पट्टी, मग गोफण, मग डबा वाजवणं, असं आलटून पालटून करायचं. बुजगावणंही रोज जागा बदलली तरच कामाचं. एकाच जागी उभं राहिलं तर त्याच्या डोक्यावर कोतवाल बसतो.

मक्याला सगळ्यात स्वस्त उपाय बायका करतात आणि तो मला फार आवडतो. कडेच्या तीन-चार ओळींत कणसाला त्याच ताटाचं हिरवं पान गुंडाळून ठेवायचं. राघूला कणीस दिसतच नाही. पैसा शून्य, मजुरी लागते तेवढीच.

द्राक्षाला जाळीशिवाय इलाज नाही, कारण बुलबुल आणि साळुंकी आवाजाला दाद देत नाहीत. मण्यात पाणी उतरायच्या (मणी मऊ पडायला लागायच्या) आधी जाळी चढवायची, एकदा चव लागल्यावर नाही. जाळी ताणून, खालपर्यंत बंद. मासेमारीची जुनी पातळ जाळी स्वस्त मिळते म्हणून कुणी लावली असेल तर काढायला सांगा. एका बागेत तसल्या ढिल्या जाळीत मला धामण आणि दोन कोतवाल अडकलेले सापडले. धामण उंदरं खाणारी, कोतवाल किडे खाणारे. ब्लेडनं एकेक धागा कापत धामण सोडवायला पाऊण तास गेला. कोतवाल मेलेले होते.

विष लावलेले दाणे टाकतात त्या शेतात कामच घेऊ नका, तो गुन्ह्याचा पंचनामा असतो. पीव्हीसी पाइपात कार्बाइड भरून बार काढणारी बंदूकही नको, तिनं डोळे जातात.

शिक्षणाचं थोडक्यात. धारवाडच्या कृषी विद्यापीठात किंवा महाराष्ट्राच्या बाजूला शिका, कुठंही पक्ष्यांचा विषय कीटकशास्त्रातल्या 'अकीटक उपद्रवी' ह्या भागात दोन-चार पानांत उरकतात. पुढं ह्यातच शिरायचं असेल तर हैदराबादचं राजेंद्रनगर, गुजरातचं आणंद आणि लुधियाना इथं शेतीतल्या पक्ष्यांवर बरंच काम झालंय, तिथले अहवाल मिळवून वाचा. कर्नाटकात शेतकरी कोट्यातून प्रवेश घेताना शेतीची प्रात्यक्षिक परीक्षा असते. आमच्यासारख्या शेतात राबलेल्या पोरांना ती सोपी जाते, अडतं ते भाषेवर.

कन्नड शिकाच. मराठी शाळेतून आलेल्या मला रैत संपर्क केंद्रातले (शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी कचेरीतले) फॉर्म पहिलं वर्षभर दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागले. उताऱ्याला तिथं पहणी म्हणतात एवढंच मला माहीत होतं. गोकाककडच्या शेतात "नविलु" म्हटलं की मोर, "गिळी" म्हणजे राघू, "गुब्बी" चिमणी, "कागे" कावळा. ही चार नावं तोंडात असली की शेतकरी चहा पाजूनच पाठवतो. टकाचोराला मात्र मी प्रत्येक गावात वेगळं नाव ऐकलंय, म्हणून मी फोनवरचा फोटो दाखवतो आणि विचारतो, "अण्णा, हे येतंय काय?"

पहिल्याच हंगामात सुरुवात करणार असाल तर शाळूपासून करा. डिसेंबर-जानेवारीत कणीस भरत असतं, पहाट थंड असते. स्वेटर, वही, पेन्सिल (दवानं पेनची शाई पसरते), आणि पाखरं मोजायला एक साधं काउंटर. बांधावर बसा, पहिले दोन दिवस काही उपाय सुचवू नका. आजी अजून विचारते, तो पिंजरा कशाला केलास म्हणून. सध्या त्यात खुडूक कोंबडी बसवलीय.