कॅम्पिंगसाठी चाकू आणि छोटी कुऱ्हाड घेताना हे बघाच
जंगलात मुक्कामासाठी चाकू घेताय ना, मग फोल्डिंगवाला नको, फिक्स पात्याचाच घ्या, आणि त्यातही पात्याचं स्टील मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, म्हणजे फुल टँग, कारण लाकूड चिरताना पात्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकतो तेव्हा सगळा ताण पातं आणि मूठ जुळतात तिथेच येतो आणि कच्चा चाकू तिथेच मोडतो. पातं १० ते १२ सेंमी लांब, ३-४ मिमी जाड, बास. मोठं पातं दिसायला भारी वाटतं पण बारीक काम करताना हात अवघडतो. कार्बन स्टीलला धार पटकन लावता येते पण ओलं राहिलं की गंजतं, त्यामुळे पाऊस किंवा समुद्राजवळ जाणार असाल तर सरळ स्टेनलेस घ्या. पात्याच्या पाठीची कड काटकोनी असेल तर फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायला घासतात त्या धातूच्या कांडीवर, ठिणग्या मस्त पडतात.

कुऱ्हाडीचं डोकं साधारण ५०० ते ७०० ग्रॅम, दांडा ३५-४० सेंमी. दांडा लाकडी असेल तर त्याचं टोक नीट बघा, लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेनेच जायला हव्यात, आडव्या दिसल्या तर ती कुऱ्हाड घेऊ नका. डोकं जरासुद्धा हलत असेल तर अजिबात नको.

आणि हे प्लीज मनावर घ्या, दांडा आखूड असल्याने हुकलेला घाव थेट पायावर येऊ शकतो, म्हणून गुडघ्यावर बसून, खाली ओंडका ठेवूनच लाकूड फोडा.