पाळणाघरासाठी लोन काढताय? आधी या चुका टाळा

पाळणाघरवाली बाई लोनसाठी बँकेत गेली की एक प्रश्न ठरलेला, "म्हणजे घरीच मुलं सांभाळता ना, मग बिझनेस कसला?" मी हे दोनदा ऐकलंय आणि दोन्ही वेळा गप्प घरी आले कारण माझ्याकडे दाखवायला कागदच नव्हता. आता नऊ वर्षं झाली, पाळणाघर नीट चाललंय, आणि आजूबाजूच्या बायकांच्या फायली लावायला मी मदत करते तेव्हा दिसतं की अडतं तिथेच जिथे माझं अडलं होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फी नवऱ्याच्या जीपेवर घेणे. अर्धी फी त्याच्या अकाउंटला, थोडी कॅश, कॅशमधूनच किराणा आणि मावशींचा पगार, आणि तुमच्या पासबुकात वर्षभरात काय दिसतं तर गॅसची सबसिडी! बारा मुलं सांभाळूनसुद्धा कागदावर तुमचं उत्पन्न शून्य. बँकवाला मुलं मोजायला येत नाही हो, तो स्टेटमेंट बघतो. त्यामुळे आजच पाळणाघरासाठी वेगळं अकाउंट काढा, पालकांना तोच क्यूआर द्या, पगार आणि भाडं तिथूनच जाऊ द्या, आणि निदान सहा महिने, जमलं तर वर्ष असं चालवून मग लोनला जा. कॅश घेतलीच तर पावती फाडा आणि त्याच आठवड्यात भरा. रिटर्नसुद्धा भरा, टॅक्स बसत नसला तरी भरा, दोन वर्षांचे आयटीआर हातात असले की समोरच्याची बोलायची पद्धतच बदलते, हे मी स्वतः बघितलंय.

पालकांचं डिपॉझिट उत्पन्नात धरू नका. ते परत द्यायचे पैसे आहेत. आमच्याकडच्या एका ताईंनी दहा मुलांचं डिपॉझिट रंगकामात घातलं आणि जूनमध्ये चार मुलं एकदम नर्सरीला गेली, मग डिपॉझिट परत करायला त्यांना सोनं ठेवावं लागलं.

आता मे महिना. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण पाळणाघराचं लोन बुडतं ते इथेच. समजा बारा मुलं, प्रत्येकी ४,५०० फी, म्हणजे महिन्याला ५४,०००. भाडं १५,०००, दोन मावशींचे मिळून १८,०००, खाणं-लाइट-साफसफाई ८,०००. हातात १३,००० उरतात, त्यात पाच हजाराचा हप्ता सहज बसतो असं वाटतं आणि आपण सही करून मोकळ्या. पण मेमध्ये मुलं आजोळी जातात, आजी राहायला येते, पालक म्हणतात एक महिना नकोय, आणि बारातली पाच उरतात. फी आली २२,५००. भाडं तेच, मावशींना महिनाभर घरी बसवलं तर जूनमध्ये त्या परत येत नाहीत म्हणून पगारही तोच, खाण्याचा खर्च कमी होऊन पाच हजार धरा, तरी खर्च ३८,०००. म्हणजे १५,५०० कमी पडले आणि वर हप्ता, एकूण साधारण साडेवीस हजाराचा खड्डा. यावर उपाय दोन. जून ते मार्च दर महिन्याला दोन हजाराची आरडी लावा, ते वीस हजार खास मेसाठी. आणि पालकांशी ॲडमिशनच्या वेळीच लेखी ठरवा की सुट्टीत जागा राखून ठेवायची तर अर्धी फी द्यावी लागेल. सुरुवातीला कुरकुर होते, पण चांगली सोय कोणालाच सोडायची नसते. आणि हप्ता किती झेपतो हे ठरवताना बारा मुलं धरू नका, नऊ धरा.

व्याजाच्या बाबतीत आपण फक्त "किती टक्के" विचारतो आणि फसतो. एक लाख, दोन वर्षं, १२ टक्के फ्लॅट (म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण लाखावर व्याज) तर व्याज २४,००० आणि हप्ता ५,१६७. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच असेल तर हप्ता ४,७०७ आणि दोन वर्षांचं व्याज तेरा हजाराच्या आत. तो फ्लॅट १२ टक्के खरं तर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास पडतो! त्यात प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स वेगळा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नवीन लोनसोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो, तो कागद मागा आणि घरी आणून वाचा. मोबाइल ॲपवरून दहा मिनिटांत लोन देतात ते तर पाळणाघरासाठी घेऊच नका असं मी हात जोडून सांगते.

मुद्राबद्दल गैरसमज खूप आहेत. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी ही केंद्र सरकारची योजना २०१५ची, शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत, आणि तरुण नीट फेडलं असेल तर पुढे तरुण प्लस २० लाखांपर्यंत. तारण लागत नाही हे खरं, पण मुद्रामध्ये सबसिडी नाही, सगळं फेडायचंच असतं. आणि मुद्रासाठी एजंट लागत नाही, कोणी "फाइल पास करून देतो, पाच हजार द्या" म्हटलं की तिथून उठा. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, तीही फुकट आहे, स्वतःच्या आधारवर करता येतं.

बँकेच्या आधी बचत गट आणि महिलांच्या संस्थांकडे बघत नाही ही पण चूकच. माविम म्हणजे सरकारचं महिला आर्थिक विकास महामंडळ, त्याचं काम १९७५ पासून चालू आहे, तुमच्या भागात त्यांचं लोकसंचालित साधन केंद्र (बचत गटांचं केंद्र) असेल तर तिथे जाऊन बसा. साताऱ्यात म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ पासून बायकांसाठीच आहे. पुण्याचं अन्नपूर्णा परिवार वस्तीतल्या बायकांना छोटी कर्जंही देतं आणि त्यांची वस्तीतली पाळणाघरंही आहेत, अशा ठिकाणी पाळणाघर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त गटाच्या लोनमध्ये एकीचा हप्ता थांबला की बाकीच्यांवर येतो, तेव्हा गट निवडताना गोडवा बघू नका, व्यवहार बघा.

जागेचा कागद. बहुतेक पाळणाघरं अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर आणि लोन असतं तीन वर्षांचं. मालकाने बाराव्या महिन्यात खाली करा म्हटलं तर भिंतीवरची चित्रं, लहान मुलांचं टॉयलेट, जाळ्या, यातलं काय बरोबर नेणार? म्हणून भाड्याच्या जागेत फिक्स कामावर लोनचे पैसे कमी घाला, गाद्या, फोल्डिंग गेट, इन्व्हर्टर, कॅमेरे, फ्रिज असं उचलून नेता येईल ते घ्या आणि ॲग्रीमेंट जमेल तितकं लांबचं करून रजिस्टर करा. सोसायटीची एनओसी लोनच्या आधी, लोन मिळाल्यावर नाही. शॉप ॲक्टला कामावर थोडीच माणसं असतील तर ऑनलाइन माहिती देऊन पावती मिळते, ती फाइलला लावा.

कंपनीशी टायअप झालं म्हणून मोठं लोन काढतात तेही सांभाळून. २०१७च्या कायद्याने ५० किंवा जास्त लोक असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय सक्तीची केली, त्यामुळे काम मिळतं, पण बिल अडकतं. उद्यम नोंदणी असेल तर कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात ते लिहून घ्या आणि तरी दोन महिन्यांचे पगार बाजूला असल्याशिवाय माणसं वाढवू नका.

आणि एवढं करूनही हप्ता अडकलाच तर? फोन बंद करून बसू नका, हीच ती चूक जी आपण घाबरून करतो. तारखेच्या आधी ब्रांचला जा, ॲडमिशनचं रजिस्टर आणि अकाउंटचं स्टेटमेंट घेऊन जा, जूनमध्ये किती मुलं नक्की आहेत ते दाखवा, हप्ता कमी करून मुदत वाढवता येईल का ते लेखी अर्जाने विचारा आणि अर्जाच्या कॉपीवर शिक्का घ्या. ९० दिवस थकलं की खातं एनपीए म्हणजे थकीत कर्जात जातं, सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर पडतो आणि पुढचं लोन अवघड. एक हप्ता भरायला दुसरं लोन काढू नका, त्यापेक्षा तीन महिने कमी खर्चात चालवा, आणि पालकांना थकलेली फी स्पष्ट मागा. बहुतेक पाळणाघरांची एक-दोन महिन्यांची फी बाहेरच अडकलेली असते आणि आपण ती मागायला लाजतो, आधी ती यादी काढा.