कोरल अचानक बंद पडलं? 'फॉरमॅट मार' हा सल्ला सगळ्यात शेवटी

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या फ्लेक्स-पत्रिकेच्या दुकानात नव्याने कामाला लागलात की लग्नसराईत हे होणारच: गिऱ्हाईक शेजारी खुर्ची ओढून बसलेलं, प्रेषकांची नावं टाकून झालेली, आणि कोरल (कोरलड्रॉ, पत्रिका-फ्लेक्स डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) काही न सांगता गायब. लगेच कुणीतरी म्हणतं, "फॉरमॅट मार," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाक. त्यात फॉन्ट, वर्कस्पेस (आपण लावून घेतलेली टूल-मेन्यूची मांडणी), प्रिंटरचं सेटिंग सगळं जातं, आणि दोष हार्डवेअरमध्ये असेल तर पुन्हा तेच रडगाणं.

आधी बघायचं, बंद नेमकं काय झालं. पूर्ण पीसीच रिस्टार्ट झाला असेल तर कोरल-फोटोशॉपला हात लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास असतो. हीटसिंकमध्ये (प्रोसेसरवरच्या थंड करणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) धूळ बसलेली असली की प्रोसेसर तापून मशीन स्वतःच बंद होतं. लाईट जाता-येताच रिस्टार्ट होत असेल तर बहुधा यूपीएसची बॅटरी संपलेली आहे. घरगुती इन्व्हर्टर यूपीएस मोडवर नसेल तरी हेच होतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची बिघाडांची नोंदवही, स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की सापडते) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाऊन झालं नाही. कारण तो सांगत नाही.

फक्त सॉफ्टवेअर गेलं असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, मग अॅप्लिकेशन. बंद पडलेल्या वेळेची लाल एरर शोधा, इव्हेंट आयडी १०००. त्यात 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' ही ओळ महत्त्वाची. तिथे एनव्हीडियाच्या फाइलचं नाव आलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर तपासा. 'एनटीडीएलएल' (विंडोजचीच फाइल) आलं तर त्यावरून फारसं कळत नाही. दर वेळी वेगळंच नाव येत असेल तर रॅमवर संशय घ्या: विंडोज मेमरी डायग्नोस्टिक चालवा, मग रॅमची एकेक स्टिक काढून बघा.

फॉन्टची यादी उघडताच किंवा यादीतल्या नावावरून माउस नेताच बंद पडतं? तर दोष फॉन्टचा. आपल्या दुकानांत मराठी फॉन्टचा ढीग असतो, एकाच नावाच्या दोन-तीन फाइली, कुठल्यातरी पेनड्राइव्हवरून आलेल्या. बाहेरून टाकलेले सगळे फॉन्ट वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा, अनइन्स्टॉल करा, मग निम्मे-निम्मे परत टाका. ज्या निम्म्यात बंद पडेल त्याचे पुन्हा दोन भाग. कंटाळवाणं आहे, पण खराब फॉन्ट हमखास सापडतो.

एकच फाइल त्रास देत असेल तर तीच पद्धत: कॉपी करून निम्मे ऑब्जेक्ट उडवा. बहुतेक वेळा पॉवरक्लिपच्या (आकारात बसवलेल्या फोटोच्या) आत पॉवरक्लिप, नाहीतर मोठ्या फोटोवरची ड्रॉप शॅडो निघते. आणि रिझोल्यूशन बघा. १०×२० फुटांचा बॅनर ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० पिक्सेल) घेतला तर ३६,०००×७२,००० पिक्सेल, सीएमवायकेमध्ये १० जीबीच्या वर. साध्या पीएसडी (फोटोशॉपच्या) फाइलची एका बाजूची मर्यादाच ३०,००० पिक्सेल. लांबून बघायचा फ्लेक्स ७२ डीपीआयवर घ्या, तोच ६०० एमबीच्या आत बसतो. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क (काम करताना तात्पुरत्या फाइली ठेवायची जागा) सी ड्राइव्हवर असेल आणि तिथे जागा नसेल तर तेही कारण असतं.

कोरल सुरू होतानाच जातंय? डिफॉल्ट प्रिंटर 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' करा. बंद असलेला नेटवर्क प्रिंटर कोरलला अडकवतो. नाही जमलं तर एफ८ दाबून ठेवून कोरल सुरू करा, वर्कस्पेस मूळ स्थितीत येते. फोटोशॉप सुरू करताना कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट दाबून ठेवा, त्याची सेटिंग मूळ स्थितीत येतात. दोन्हींआधी स्वतःची वर्कस्पेस आणि अॅक्शन (फोटोशॉपमध्ये रेकॉर्ड केलेल्या कामाच्या पायऱ्या) एक्स्पोर्ट करून ठेवा. फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमधल्या परफॉर्मन्समध्ये ग्राफिक्स प्रोसेसरची टिक काढल्यावर त्रास थांबला तर ड्रायव्हर बदला, टिक काढलेली ठेवून दिवस ढकलू नका.

क्रॅक (चोरून, लायसन्सशिवाय टाकलेल्या) व्हर्जनचं काय करायचं, ते दुकानमालकाने ठरवावं. अँटिव्हायरस त्यातली एखादी फाइल उचलून नेतो आणि मग कुठलाच उपाय लागू पडत नाही, एवढं मात्र खरं.

गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवरूनच फाइल उघडून काम करू नका. आधी हार्डडिस्कवर कॉपी करा. ड्राइव्ह जरा हलला तरी सॉफ्टवेअर कोसळू शकतं. कोरलचं ऑटो-बॅकअप ५ मिनिटांवर ठेवा आणि त्याला ठरलेलं फोल्डर द्या. बंद पडल्यावर फाइलच्या नावाआधी 'ऑटोबॅकअप ऑफ' असलेली फाइल तिथे शोधा, आणि उघडल्या उघडल्या नव्या नावाने सेव्ह करा.